कालप्रवासाचे प्रेमपट कसे पाहावेत

प्रेमकथेला अडथळा लागतो. पूर्वी घराण्याचे वैर, पैशांची तफावत, युद्ध किंवा भलत्याच्या हाती पडलेले पत्र यांपैकी कशावरही कथा उभी राहत असे. आज मात्र एका फोनने सुटू शकणाऱ्या अडचणीवर दोन तासांचा चित्रपट चालवायचा म्हटले, तर प्रेक्षकच अस्वस्थ होतो. १९१२ साली जगणारी स्त्री आणि १९८० साली जगणारा पुरुष यांच्यामधील अंतर कोणाच्याही मनधरणीने, संपत्तीने किंवा धाडसाने कमी होत नाही. कालप्रवासाच्या प्रेमपटांची ओढ मुख्यतः या न हलणाऱ्या अडथळ्यात आहे, आणि ती पुरेपूर अनुभवायची असेल तर हे चित्रपट पाहण्याच्या काही सवयी लावून घ्याव्या लागतात. पुढील विवेचनात काही चित्रपटांचे शेवट उघड झाले आहेत, याची पूर्वकल्पना दिलेली बरी.

पहिली सवय म्हणजे प्रवास ‘कसा’ झाला हा प्रश्न सोडून देण्याची. ‘समव्हेअर इन टाइम’ (१९८०) या चित्रपटातील नायक जुन्या धाटणीचा सूट अंगावर चढवतो, वर्तमानाची आठवण करून देणाऱ्या वस्तू खोलीतून हलवतो आणि आपण १९१२ सालीच आहोत असे स्वतःला बजावत पडून राहतो. ‘अबाउट टाइम’ (२०१३) मध्ये अंधाऱ्या जागी जाऊन मुठी आवळल्या की काम होते. ‘द लेक हाउस’ (२००६) मध्ये तर दारासमोरची पत्रपेटीच दोन वर्षांच्या अंतराने पत्रे पोहोचवते आणि त्याचे कसलेही स्पष्टीकरण दिले जात नाही. आटपाट नगर नकाशावर कोठे आहे, असे कहाणी ऐकताना आपण विचारत नाही. तीच सवलत येथे द्यावी. किंबहुना ज्या प्रेमपटात यंत्राच्या रचनेवर फार वेळ खर्च होतो, त्यात प्रेमाच्या वाट्याला फारसे काही उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

सवलत कारणापुरतीच द्यावी, नियमाला देऊ नये. पहिल्या अर्ध्या तासात चित्रपटाने घातलेला नियम एका वाक्यात सांगता येतो का, हे मनाशी पडताळून पाहावे: कोण जाऊ शकतो, कोठपर्यंत जाऊ शकतो, आणि गेल्यास काय गमवावे लागते. यातील तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. ‘अबाउट टाइम’चा नायक एका मुलीला भेटतो, तिचा फोन नंबर मिळवतो आणि मग एका नाटककाराच्या नाटकाचा फसलेला पहिला प्रयोग सावरण्यासाठी काळात मागे जातो; नाटक सावरते, पण मुलीच्या भेटीची ती संध्याकाळच घडत नाही आणि फोनमधला नंबर नाहीसा होतो. येथे प्रेक्षक हसतो. पुढे बहिणीचे आयुष्य वाचवण्यासाठी तो आपल्या मुलीच्या जन्माआधीच्या काळात हात घालतो आणि परत येतो तर पाळण्यात दुसरेच मूल असते. नियम तोच आहे, किंमत वाढली आहे. शेवटी आणखी एक मूल होऊ देणे म्हणजे वारलेल्या वडिलांना भूतकाळात जाऊन भेटण्याची वाट कायमची बंद करणे, हे त्याला कळते, तेव्हा प्रेक्षकाला काहीही समजावून सांगावे लागत नाही, कारण नंबर नाहीसा झाला तेव्हाच तो हा हिशोब शिकलेला असतो. प्रेमपट म्हणून सुरू झालेली ही कथा बाप-लेकाच्या निरोपापाशी येऊन थांबते ती या एका नियमाच्या जोरावर.

नियम मोडला गेला तर काय करावे? ‘द लेक हाउस’मध्ये तो उघडपणे मोडला जातो. नायिकेच्या डोळ्यांदेखत अपघातात एक माणूस दगावतो (तो नायकच होता, हे पुढे कळते), त्या धक्क्याने ती तलावाकाठच्या घराकडे परत जाते आणि तेथूनच पत्रव्यवहाराला सुरुवात होते. मग तोच अपघात टाळला गेला तर ती तेथे गेलीच कशी? हा दोष आहे आणि तो चित्रपट संपल्यावर मित्रांशी खुशाल चर्चिला जावा. तरीही चित्रपट टिकतो, कारण नायकाला जिवंत राहण्यासाठी जे करावे लागते ते म्हणजे तिच्याकडे धाव न घेता दोन वर्षे थांबणे. सिनेमात प्रेमासाठी धावणारे पुष्कळ असतात; थांबणे ही येथे कृती होते. या कथेचे मूळ असलेला ‘इल मारे’ (२०००) हा कोरियन चित्रपट अधिक संथ आहे आणि मला तो अधिक आवडतो.

दोघांपैकी कोणाला किती ठाऊक आहे, याचा ताळेबंद मांडत राहणे ही यानंतरची सवय, आणि या प्रकाराची गोडी व त्यातील खोट दोन्ही येथेच सापडतात. ‘ग्राउंडहॉग डे’ (१९९३) मध्ये नायक एकाच दिवसात अडकतो; आपल्या सहकारी स्त्रीच्या आवडीनिवडी तो रोज थोड्याथोड्या गोळा करतो आणि दुसऱ्या दिवशी त्या आपल्याच असल्यासारख्या तिच्यापुढे मांडतो. तिला हा दिवस प्रत्येक वेळी पहिलाच असतो. तरीही दर रात्री त्याला थप्पड खावी लागते, म्हणजे चित्रपट स्वतःच त्याची चोरी पकडतो, आणि म्हणूनच तो मोठा ठरतो. ‘अबाउट टाइम’ या बाबतीत इतका प्रामाणिक नाही. नायक प्रेयसीबरोबरची पहिली रात्र पुन्हा पुन्हा सुधारून घेतो, ती विनोद म्हणून दाखवली जाते आणि पत्नीला त्याचे रहस्य कधीच सांगितले जात नाही. ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ (२००९, मूळ कादंबरी २००३) मध्ये हा तोल उलटसुलट होत राहतो. नायिका त्याला लहानपणापासून ओळखते, कारण तो भविष्यातून तिच्याकडे येत असे. पण ग्रंथालयात दोघे समोरासमोर येतात तेव्हा त्याच्या दृष्टीने ती पहिलीच भेट असते. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद आणि त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ यांतील दरी हा प्रसंग अविस्मरणीय करते. मात्र प्रौढ माणसाने भावी पत्नीच्या बालपणात वावरावे यातील अस्वस्थताही दडपू नये. असे प्रश्न विचारल्याने चित्रपटाची मजा कमी होते, असे मला वाटत नाही.

‘किमी नो ना वा’, म्हणजेच ‘युवर नेम’ (२०१६), हा जपानी अॅनिमेशनपट मात्र काहीही न वाचता पाहावा, आणि म्हणून त्याच्या कथानकाबद्दल एवढेच सांगतो की दोघांचा काळ एकच आहे असे तो आपल्याला बराच वेळ समजू देतो. त्यात दिवस मावळताना, उजेड आणि अंधार यांच्या मधल्या क्षणी, दोघांची भेट होते. त्या घटकेसाठी जपानीत असलेला खास शब्द उपशीर्षकांत कसाबसा उतरतो. मराठी प्रेक्षकाला ‘कातरवेळ’ आठवली की पुरे.

पाहण्याचा क्रम विचाराल तर ‘ग्राउंडहॉग डे’पासून सुरुवात करावी, कारण त्यात नियम सर्वांत सोपा आहे, नंतर ‘अबाउट टाइम’, मग ‘इल मारे’. ‘समव्हेअर इन टाइम’ शेवटी ठेवावा. प्रदर्शित झाला तेव्हा तो फारसा चालला नव्हता, पुढे दूरचित्रवाणीवर त्याला त्याचा प्रेक्षक मिळाला, आणि आजच्या नजरेला त्याची गती मंद वाटण्याचा संभव आहे. त्यात एक खिशातले घड्याळ आहे: १९७२ साली एक वृद्ध स्त्री ते तरुण नायकाच्या हातात ठेवते, तो ते १९१२ साली नेतो आणि ते तिच्याचकडे राहते. मग ते घडवले कोणी? उत्तर नाही, कारण ते वर्तुळातच फिरत आहे. दुसरी वस्तू म्हणजे १९७९ सालाचे एक नाणे, जे सुटाच्या खिशात चुकून राहून जाते आणि नजरेस पडताच त्याला वर्तमानात खेचून आणते. पहिल्या वेळी या दोन वस्तूंवर लक्ष ठेवावे.

हाच चित्रपट काही दिवसांनी पुन्हा पाहावा, आणि या खेपेस जो प्रवास करतो त्याला सोडून, जी मागे राहते तिच्या बाजूने पाहावा. सुरुवातीच्या प्रसंगात त्या वृद्धेने साठ वर्षे वाट पाहिलेली आहे. समोरचा तरुण आपल्याला ओळखणार नाही, कारण त्याच्या आयुष्यात ती भेट अजून व्हायची आहे, हेही तिला ठाऊक आहे. ती घड्याळ देते, परत येण्याची विनवणी करते आणि निघून जाते. पहिल्या वेळी आपण गोंधळलेल्या नायकाकडे पाहिलेले असते. दुसऱ्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे पाहावे.