स्वतःच्या विमानात इन्स्ट्रुमेंट रेटिंग करताय? खर्चाच्या या चुका टाळा

अमेरिकेत सेसना १७२ हे छोटं चार आसनी विमान विकत घेतलेली आपली मराठी माणसं प्रायव्हेट लायसन्सनंतर इन्स्ट्रुमेंट रेटिंगकडे (बाहेर न बघता, उपकरणांवरून ढगात उडण्याचा परवाना) वळतात, तेव्हा हिशेब बहुधा असा असतो: विमान घरचंच आहे, मग पेट्रोल आणि इन्स्ट्रक्टर, झालं! अंदाज तिथेच फसतो.

आधी एका तासाचा खरा खर्च काढा. १६० हॉर्सपॉवरची १७२ तासाला साधारण ८ गॅलन ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) पिते. गॅलनला ६ डॉलर धरले तर ४८ झाले. तिच्या लायकॉमिंग इंजिनाला कंपनी २,००० तासांनी ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) सुचवते. त्याला ३६,००० डॉलर धरा, म्हणजे तासामागे १८ डॉलर बाजूला पडले पाहिजेत. वर ऑइल, टायर, ब्रेक. हे पैसे आज खिशातून जात नाहीत म्हणून वहीत येत नाहीत, आणि प्रशिक्षणात विमान नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उडतं.

इन्स्ट्रक्टरचा वेळही फक्त हवेतला मोजू नका. दीड तासाच्या उड्डाणाआधी अप्रोच प्लेट्सवर (उपकरणांवरून उतरण्याच्या मार्गांचे नकाशे) चर्चा, नंतर चुकांची उजळणी, म्हणजे बिल सहज अडीच तासांचं होतं. ते योग्यच आहे. खरं शिकणं बरंचसं तिथेच होतं.

एफएएच्या (अमेरिकेची विमान नियामक संस्था) नियमांच्या पार्ट ६१ खाली ४० तास इन्स्ट्रुमेंट वेळ लागतो, पण तो किमान आकडा आहे. मी तरी ५५ धरूनच बजेट करायला सांगेन. त्या ४० पैकी १५ तास अधिकृत इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टरबरोबर लागतात. उरलेले बरेचसे हूड (बाहेरचं दिसू न देणारी टोपी) घालून, बाहेर लक्ष ठेवणाऱ्या सेफ्टी पायलटबरोबर करता येतात. शिवाय पायलट-इन-कमांड म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री (दूरच्या विमानतळापर्यंतची उड्डाणं) लागतात, याचा अनेकांना विसर पडतो. लॉगबुकात ते कमी असतील तर हूडखालची उड्डाणं ५० नॉटिकल मैलांपलीकडच्या विमानतळांवर न्या. एकाच पेट्रोलमध्ये दोन्ही रकाने भरतात. मान्यताप्राप्त ॲडव्हान्स्ड सिम्युलेटरवर इन्स्ट्रक्टरबरोबर केलेले २० तासांपर्यंत धरले जातात. होल्डिंग (हवेत ठरावीक घिरट्या घालत थांबणं) शिकायला तो विमानापेक्षा बरा, कारण मध्येच थांबवता येतो.

सगळ्यात महाग चूक मात्र विमानाच्या आतच असते. आयएफआर म्हणजे उपकरणांच्या नियमांखालच्या उड्डाणासाठी अल्टिमीटर-स्टॅटिक (उंची दाखवणाऱ्या यंत्रणेची) तपासणी २४ महिन्यांच्या आतली लागते. ट्रान्सपाँडरचंही (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) तसंच. जीपीएस अप्रोच उडायचे तर त्याचा डेटाबेस ताजा हवा, आणि तो दर २८ दिवसांनी बदलतो. जुना जीपीएस आयएफआरसाठी मान्यच नाही हे अर्ध्या वाटेवर कळलं, तर नवा बसवण्याचा खर्च १०,००० डॉलरच्या पुढे जातो. म्हणून पहिल्या धड्याआधी ॲव्हिऑनिक्सवाल्याला (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं बघणारा) विमान दाखवा आणि ॲन्युअल (वार्षिक तपासणी) जवळ आलं असेल तर तेही उरकून घ्या. इन्स्ट्रक्टर तुमच्या पॉलिसीत बसतो का, हे विमा एजंटकडून लेखी घ्या.

ऋतू बघा. न्यू जर्सीत जानेवारीत ढगात शिरणं म्हणजे १७२ वर बर्फ; धडे रद्द होतात, हात विसरतो, तेच धडे पुन्हा विकत घ्यावे लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात उलट, उन्हाळ्याच्या सकाळी किनाऱ्यावरचा स्ट्रेटस (सखल ढगांचा थर) खऱ्या ढगातले तास देतो.

शेवटच्या उड्डाण परीक्षेच्या परीक्षकाची फी एफएए ठरवत नाही, तो स्वतः ठरवतो. पुन्हा परीक्षा द्यावी लागली तर किती घेणार, हेही आधी विचारा. तारीख पुढे गेली तर खर्च वाढतो: परीक्षेच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांत तयारीचे ३ तास झालेले लागतात, ते जुने झाले की पुन्हा करा.

मध्येच पैसे आटले तर? महिन्याला एक धडा असं रखडत राहू नका. एखादा टप्पा पुरा करून थांबा, आणि उरलेल्या सगळ्याचे पैसे जमले की आठवड्याला दोन-तीन धड्यांच्या वेगाने पुन्हा सुरू करा. फक्त लेखी परीक्षेचा निकाल २४ महिनेच चालतो, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.