लॅपटॉपच्या पंख्याचा वेग कसा लावावा

‘पंखा फुल्ल करा, लॅपटॉप थंड होईल’ हा सल्ला अर्धवट आहे. हवेची जाळी धुळीने बुजली असेल तर पंखा कितीही पळवा, गरम हवा बाहेर पडणार कुठून? जाळी साफ आहे असं धरून पुढे जाऊ.

आधी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून १५ मिनिटं नेहमीचं काम करा. भर कामात ८० ते ८५ अंश दिसले तर काही बिघडलेलं नाही. ९५ला टेकून प्रोसेसरचा वेग पडत असेल, तरच पुढच्या खटपटीला लागा.

लॅपटॉप कंपनीच्या अ‍ॅपमध्ये परफॉर्मन्स मोड निवडा. पुष्कळांचं काम इथेच भागतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये सिस्टीम कूलिंग पॉलिसी ‘अ‍ॅक्टिव्ह’ ठेवा. ‘पॅसिव्ह’वर विंडोज पंखा वाढवण्याआधी प्रोसेसरच हळू करतं. पर्याय दिसत नसेल तर सोडून द्या.

एवढ्याने भागलं नाही तर नोटबुक फॅनकंट्रोल, म्हणजे पंख्याचा वेग आपल्याला ठरवू देणारं सॉफ्टवेअर. स्पीडफॅन या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, बहुतेक लॅपटॉपचा पंखा त्याला दिसतच नाही. लॅपटॉपचा पंखा ईसी नावाची वेगळी चिप चालवते आणि नोटबुक फॅनकंट्रोल तिच्या रजिस्टरमध्ये (आकडे साठवायच्या जागेत) थेट आकडे लिहितं. कुठल्या रजिस्टरमध्ये लिहायचं, ते कॉन्फिग फाइल ठरवते. म्हणून फाइल तुमच्याच मॉडेलची हवी. ‘जवळपासचं मॉडेल चालतं’ म्हणणाऱ्याचं ऐकाल, तर आकडा भलत्याच जागी लिहिला जाऊन पंखा ठप्प होऊ शकतो. सुरुवात ‘रीड-ओन्ली’ने करा, म्हणजे आकडे फक्त वाचले जातील, लिहिले जाणार नाहीत. पंख्याचा आवाज वाढला की दाखवलेला वेगही वाढायला हवा. नाही वाढला तर फाइल चुकीची, तिथेच थांबा.

खरी गोची पायऱ्या, म्हणजे किती तापमानाला पंख्याचा किती वेग, ते लावताना होते. ब्राउझर उघडला की तापमान क्षणात ५०वरून ७५वर उडी मारतं आणि तितक्याच झटकन उतरतं. वेग वाढवायचा आणि उतरवायचा आकडा एकच ठेवला, तर पंखा दर काही सेकंदांनी घूंऽऽ करून उठतो आणि लगेच बसतो. त्या आवाजाने वैताग येतो आणि गारवा मात्र काही मिळत नाही. दोन्ही आकड्यांत १० अंशांचं अंतर ठेवा: ६०ला ४० टक्के, पण उतरायचं ५०ला, ७०ला ६० टक्के, उतार ६०ला, ८०ला ८० टक्के, उतार ७०ला. क्रिटिकल टेंपरेचर ९० ठेवा, त्यापुढे पंखा आपोआप १०० टक्क्यांवर जातो.

तळाची पायरी १०-१५ टक्क्यांवर ठेवू नका. इतक्या कमी वेगात काही पंखे सुरूच होत नाहीत, नुसते गुणगुणतात. ठेवायचं तर शून्य, नाहीतर सरळ ३०.

पंखा १०० टक्क्यांवर असूनही ९५ अंश हटत नसतील, तर दोष पंख्याच्या वेगात नाही. पॉवर ऑप्शन्समध्येच मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. सहसा टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. तरीही फरक नाही? मग थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असू शकते, ती बदलून पाहा.