टाइप १ डायबेटीस आणि अल्ट्रा: तीन महिने आधीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंतची तयारी

डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा पट्ट्यात अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यत, पन्नास-बावन्न किलोमीटर पळायची असेल, तर तयारी सप्टेंबरात आणि तपासण्यांपासून सुरू होते. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि तळपायाची संवेदना हे तिन्ही तपासून घ्या. तळपायाला मोनोफिलामेंटचा (तपासणीच्या नायलॉन धाग्याचा) स्पर्श कळत नसेल, तर बुटातला खडाही कळणार नाही आणि फोड रक्ताळेपर्यंत तुम्ही पळत राहाल. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गटातली गोळी चालू असेल, तर ती शर्यतीच्या किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. या गोळ्यांवर शुगर साधारण दिसत असतानाही कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) चढू शकतात. दिवसभर कमी खाऊन आणि कमी इन्सुलिनवर पळताना तो धोका वाढतो.

डॉक्टरांकडून कागदावर आणायची खरी गोष्ट म्हणजे इन्सुलिनचे आकडे. बहुतेक जण जास्तीची साखर बरोबर घेण्याचा विचार करतात. घात मात्र अंगात शिल्लक असलेलं जलद इन्सुलिन करतं. ते टोचल्यावर तीन ते पाच तास काम करतं आणि पळताना त्याचा परिणाम आणखी तीव्र होतो. म्हणून न्याहारी शक्यतो सुटण्याच्या तीन तास आधी व्हावी. तेवढा वेळ मिळत नसेल आणि दीड तासाच्या आत खावं लागत असेल, तर त्या खाण्याचा डोस पाऊण ते अर्धा कमी करावा लागतो. इन्सुलिनचा पंप असेल तर बेसल (दिवसभर संथ चालणारं पायाभूत इन्सुलिन) सुटण्याच्या तास-दीड तास आधीच निम्म्यावर किंवा त्याखाली आणावं. सुटताना बटण दाबलं तर परिणाम पहिला चढ संपल्यावर दिसेल. रोजच्या सुईचं बेसल साधारण २० टक्क्यांनी कमी करण्यापासून सुरुवात करतात. डेग्लुडेक हे लांब टिकणारं बेसल घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ते ४० तासांहून जास्त अंगात राहतं, त्यामुळे आदल्या रात्री डोस कमी करून फारसं काही साधत नाही. बदल दोन-तीन दिवस आधी करावा लागतो. बेसल पूर्ण बंद मात्र कधीच नाही. इन्सुलिनच नसेल तर खाल्लेली साखर स्नायूत जात नाही, शरीर चरबी जाळून कीटोन करत राहतं आणि पाय जड होतात ते नुसत्या थकव्याने नव्हे.

हे आकडे घेऊन निदान चार लांब सराव करा. त्यातला एक पहाटे अंधारात, एक भर उन्हात आणि एक सहा तासांच्या वरचा असू द्या. दर अर्ध्या तासाची शुगर, खाल्लेले ग्रॅम आणि टोचलेले युनिट वहीत उतरवा. घाटाचा तीव्र चढ शुगर वर नेतो आणि लांब, संथ पट्टा ती खाली आणतो. तुमच्या बाबतीत हे कितव्या मिनिटाला घडतं, ते या वहीतूनच कळेल.

खाण्याचा हिशोब तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकांचा. दहा तास धरले आणि तासाला ५० ग्रॅम, तर ५०० ग्रॅम. ते डोळ्यांच्या अंदाजाने नको, घरच्या काट्यावर मोजून १५-१५ ग्रॅम ग्लुकोज पावडरीच्या पुड्या बांधा. उकडलेल्या बटाट्यात १०० ग्रॅममागे साधारण १७ ते २० ग्रॅम कर्बोदकं असतात. मीठ लावून तो पोटाला बरा बसतो. शेंगदाण्याची चिक्की भुकेला चांगली, पण शुगर लो झाल्यावर अजिबात कामाची नाही, कारण तेलामुळे साखर उशिरा रक्तात येते. तीच गोष्ट ओआरएसची, आणि ही चूक वारंवार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. लो झाल्यावर त्याचे चार घोट पिणं म्हणजे काहीच न घेणं. ओआरएस मिठासाठी, ग्लुकोज साखरेसाठी. याशिवाय ६० ग्रॅम ग्लुकोज वेगळ्या रंगाच्या पिशवीत छातीवरच्या खिशात ठेवा आणि कितीही भूक लागली तरी ते भूक म्हणून खाऊ नका.

त्वचेवर चिकटवायचा शुगरचा सेन्सर दोन दिवस आधी लावा, कारण पहिल्या २४ तासांत तो कमी भरवशाचा असतो. सॅकचा पट्टा घासणार नाही अशी जागा निवडा आणि वरून टेप लावा. कारवीच्या जाळीतून जाताना दंडावरचा सेन्सर सहज उचकटतो. लिब्रे नावाचा सेन्सर वापरत असाल तर क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या त्या आठवड्यात बंद ठेवा. त्यांनी आकडा खोटा वर दिसतो आणि लो झाकला जातो. शुगर झपाट्याने उतरत असताना सेन्सर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो, त्यामुळे ग्लुकोमीटर, २५ पट्ट्या आणि लॅन्सेट लागतातच. पट्ट्यांची डबी घट्ट बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. जेल किंवा संत्रं हाताळलेलं बोट पाण्याने धुतल्याशिवाय टोचू नका, नाहीतर ६५ ची शुगर १६५ दिसू शकते.

जलद इन्सुलिनचं पेन, चार सुया आणि कीटोनच्या पट्ट्या घ्या. पेन ओल्या रुमालात गुंडाळून सॅकच्या आतल्या बाजूला ठेवा, वरच्या खिशात उन्हात नको. बर्फाच्या पॅकला चिकटवूनही नको, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकण्याच्या लायकीचं. जादा म्हणून बाटली नेत असाल तर सिरिंज तिच्याच जोडीची हवी: यू-४० साठी (मिलिलिटरला ४० युनिट) लाल टोपीची, यू-१०० साठी (मिलिलिटरला १०० युनिट) केशरी. लाल टोपीच्या सिरिंजवर १० च्या खुणेपर्यंत यू-१०० भरलं, तर १० नव्हे, २५ युनिट अंगात जातात. तोरण्याच्या वाटेवर एवढी चूक जिवावर बेतते.

बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या) मागे मराठीत लिहा: मला टाइप १ डायबेटीस आहे; शुद्धीत असेन तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या; बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. वाटेतल्या वळणांवर उभ्या स्वयंसेवकाला चक्कर म्हणजे ऊन लागणं वाटतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. पाणी अती प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं तेव्हाही माणूस असाच बरळतो, म्हणून गोंधळ झाला की आधी बोट टोचायचं. ग्लुकॅगॉन (यकृतातली साखर रक्तात सोडायला लावणारं औषध) मिळालं तर सोबत्याकडे द्या. पण आठ तास पळून यकृतातला साठा रिकामा झालेला असताना त्याचा असर कमी पडतो, हे त्यालाही सांगून ठेवा.

सुटण्याआधीचे आकडे. गेल्या २४ तासांत दुसऱ्याची मदत लागावी इतका तीव्र लो झाला असेल, तर त्या दिवशी पळायचं नाही. शुगर १२६ ते १८० असेल तर निघा. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम घेऊन थांबा. २७० च्या वर असेल तर रक्तातले कीटोन बघा, १.५ मिलिमोल प्रति लिटर किंवा जास्त निघाले तर शर्यत नाही. सुटण्याच्या धाकधुकीने चढलेल्या २०० ला मात्र सुई लावू नका, ती शुगर पहिल्या तासात आपोआप उतरते.

वाटेत ७० च्या खाली गेलात की आधी बसा. राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेसारख्या जागी उभ्याने पुडी फोडत बसणं धोक्याचं आहे. १५ ते २० ग्रॅम घ्या, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. ५४ च्या खाली गेलात तर शर्यत तिथेच सोडा. शुगर चढतेय, मळमळतंय आणि खाणं नको वाटतंय, तर दमलोय असं समजून पुढे जाऊ नका, कीटोन तपासा. पंपाची नळी दुमडली तर तीन-चार तासांत तेवढं होतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळा, पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांवर त्यांचा भार येतो.

संपल्यावर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका. स्नायू साखरेचा साठा भरून काढतात तो रात्रभर, त्यामुळे लो झोपेत येतो. रात्रीचं बेसल साधारण २० टक्के कमी, संध्याकाळच्या जेवणाचा बोलसही (जेवणापुरता जलद डोस) कमी, झोपताना डोस न घेता थोडं खाणं, दारू नाही, खोलीत दुसरं कुणीतरी, आणि दोन वाजताचा गजर. दुसऱ्या रात्रीही गजर लावा, कारण शरीर इन्सुलिनला २४ तासांहून जास्त वेळ हळवं राहू शकतं आणि तोवर सोबत आलेली मंडळी आपापल्या घरी गेलेली असतात.