लोकनृत्य पथकाला इंटरनेटवर आणायचंय? आधी नंबर कुणाचा ते ठरवा

नाशिकमध्ये ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, रस्त्याच्या कडेला उभे राहून बघा. भोपळ्याची पावरी फुंकणारा पुढे, त्याच्यामागे हात गुंफून नाचणारी पोरं-पोरी आणि दोन्ही बाजूंना फोनच फोन. संध्याकाळपर्यंत ते व्हिडिओ सगळीकडे फिरतात. खाली कुणीतरी विचारतं, "हे कुठलं पथक? लग्नात बोलवायचंय, नंबर मिळेल का?" व्हिडिओ टाकणाऱ्यालाच पथकाचं नाव माहीत नसतं, तो काय सांगणार?

माझं आजोळ सुरगाण्याकडचं, नोकरी नाशकात. मामाच्या गावच्या पथकाचं ऑनलाइन काम काही वर्षं मी सांभाळतोय आणि त्यात चुकाही भरपूर केल्यात. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यातल्या पथकांना त्या टाळता याव्यात म्हणून हे लिहितोय. लाखभर फॉलोअर कसे जमवायचे ते मला येत नाही. कार्यक्रमाची सुपारी देणाऱ्याचा फोन मधल्या माणसाकडे न जाता थेट पथकाकडे कसा येईल, ते थोडंफार कळलंय.

पहिलं काम: काय दाखवायचं नाही ते ठरवा

मोबाइल काढण्याआधी एक बैठक घ्या, आणि तिला म्हातारी माणसं हवीतच. पावरी जशी स्टेजवर वाजते तशी ती मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातही वाजते. पण तिथले माऊली म्हणजे व्रत धरलेले भक्त, तो कार्यक्रम नव्हे. बोहाड्यातही, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवातही, बऱ्याच गावांत कुठलं सोंग कुठल्या घराकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. त्या घराला न विचारता त्यांच्या सोंगाचा व्हिडिओ टाकलात, तर पुढच्या वर्षी गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

वहीत दोन रकाने करा. एकात बाहेर दाखवायचं ते, म्हणजे स्टेजवरचा नाच, सराव, वाद्यं, मुखवटे रंगवण्याचं काम. दुसऱ्यात देवाचं ते देवाचं. आमच्या बैठकीत दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला होता. झाला तर झाला.

नंबर आणि ईमेल पथकाचा हवा

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. आमचं पहिलं पेज गावातल्या एका हुशार पोराने स्वतःच्या नंबरवर उघडलं. पोरगा पुण्याला कामाला गेला, सिम बंद पडलं, पासवर्ड कुणाच्या लक्षात नाही. ते पेज अजून तसंच लटकलेलं आहे, आणि लोक अजून त्यावरच निरोप पाठवतात.

म्हणून पथकाच्या नावाने वेगळं सिम घ्या आणि त्याचं रिचार्ज कुणी करायचं ते ठरवून टाका. त्याच नंबरवर नवीन जीमेल उघडा आणि बाकी सगळी खाती त्या ईमेलवर काढा. पासवर्ड कागदावर लिहून पथकाच्या हिशेबाच्या वहीत ठेवा. यूट्यूबवर पासवर्ड न देताही दुसऱ्याला कामात घेता येतं. चॅनलच्या सेटिंगमध्ये परवानग्यांचा भाग असतो, तिथे कुणाला मॅनेजर, कुणाला एडिटर नेमा. कॉलेजातल्या पोरांना एडिटर करायला हरकत नाही, मालकी मात्र पथकाच्या ईमेलकडेच राहू द्या.

नाव कसं लिहाल

नावात तीन गोष्टी याव्यात: नाच, गाव, तालुका. नुसतं 'जय अमुक कलापथक' ठेवलंत तर शोधणाऱ्याला सापडणार नाही. लोक एकच शब्द चार तऱ्हांनी लिहितात. बोहाडा, बोहडा, भोवाडा, भवाडा ही सगळी रूपं व्हिडिओखालच्या वर्णनात एकदा तरी येऊ द्या. 'पावरी' शोधणाऱ्याला पुष्कळदा सातपुड्यातल्या पावरा समाजाचे व्हिडिओ दिसतात, म्हणून तिथे 'पावरी वाद्य' किंवा 'पावरी नृत्य' असं पूर्ण लिहा. तारपा हे वेगळं वाद्य, पावरी वेगळी. हा फरक आपणच सांगितला नाही तर दुसरं कोण सांगणार?

चित्रीकरण: आधी कान, मग डोळा

हौशी व्हिडिओ बहुतेक आवाजात मार खातात. फोन ढोलापुढे धरला की आवाज फाटतो आणि पावरीचा घुमारा पार बुडतो. पंधरा-वीस फूट मागे या आणि ढोलापेक्षा पावरीच्या अंगाला उभे राहा. वाऱ्याकडे पाठ करा. शक्य असेल तर दुसरा फोन फक्त आवाजासाठी पावरीजवळ ठेवा, नंतर जुळवता येतो. नाच सुरू होण्यापूर्वी एकदा जोरात टाळी वाजवलीत की दोन्ही आवाज जुळवायला खूण मिळते.

रील हवी म्हणून सगळंच उभ्या फोनने काढू नका. गोलात फिरणारा नाच आणि डांगी नाचातला माणसांचा मनोरा उभ्या चौकटीत मावत नाही, कडेची माणसं कापली जातात. पूर्ण नाच आडवा आणि एकसलग काढा, शक्यतो तिपाईवर, जरा उंचावरून. उभ्या चौकटीसाठी पावलं, पावरीवरची बोटं, चाळ बांधणारे हात वेगळे टिपा.

वेळ दुपारी चारनंतरची बरी. सोंगं रात्री मशालींच्या उजेडात निघतात, तिथे फ्लॅश मारू नका. मुखवट्याचा रंग पांढराफटक दिसतो आणि आत घामाने निथळणाऱ्या माणसाचे डोळे दिपतात.

मुखवटा उतरवलेलाही फोटो काढा, त्या माणसाची हरकत नसेल तर. नरसिंहाचं सोंग सगळ्यांना आठवतं, आतला माणूस कुणाला ठाऊक नसतो.

खाली काय लिहायचं

व्हिडिओखालच्या चार ओळी आळस न करता लिहा: नाचाचं नाव, गाव आणि तालुका, तो कधी आणि कशासाठी नाचतात, वाजवणारे आणि नाचणारे कोण, आणि पथकाचा नंबर. वाद्याबद्दल एक वाक्य घाला, उदाहरणार्थ 'वाळलेल्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या जोडून केलेली पावरी'. नंबर व्हिडिओच्या चित्रातही कोपऱ्यात ठेवा, कारण लोक व्हिडिओ उचलतात तेव्हा वर्णन मागेच राहतं. 'आदिवासी डान्स, धमाल' असलं कृपया लिहू नका.

कुठे टाकायचं

सगळीकडे पळू नका. पूर्ण नाच यूट्यूबवर, छोटे तुकडे इन्स्टाग्रामवर, आणि चौकशीसाठी व्हॉट्सॲप बिझनेस. त्यात पथकाची माहिती, फोटो आणि ठरावीक उत्तरं आधी भरून ठेवता येतात. गूगल मॅप्सवर पथकाची मोफत नोंद करा, पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात. २०२७ च्या सिंहस्थाला बाहेरगावचे आयोजक नाशकात शोधाशोध करतील, तोवर नोंद जुनी झालेली बरी. गावात रेंज नसेल तर आठवड्याच्या बाजाराला तालुक्याला जाल तेव्हा अपलोड करा.

यूट्यूबच्या पैशांवर मात्र भिस्त ठेवू नका. जाहिरातीतल्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. एक चांगली सुपारी त्याआधी येते.

आवाजावर कुणी हक्क सांगितला तर

रीलवर तयार गाणं चढवू नका, आपला ढोल असताना दुसऱ्याचा डीजे कशाला? पण कधीकधी आपल्याच पारंपरिक चालीवर यूट्यूबकडून क्लेम येतो, कारण कुणीतरी तीच चाल ध्वनिमुद्रित करून नोंदवलेली असते. घाबरून व्हिडिओ काढू नका. वादन तुमचं, जागेवर केलेलं असेल तर हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. मूळ चित्रीकरण जपून ठेवा, पुरावा तोच.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे सादर करणाऱ्याचाही हक्क असतो, ५० वर्षांचा. कलाकाराच्या व्याख्येत नर्तक, वादक आहेत, इतकंच काय, गारुडीसुद्धा आहे. तेव्हा कुणी कॅमेरे घेऊन गावात आलं तर एका पानावर लिहून घ्या: चित्रीकरण कुठे वापरणार, नाव कसं देणार, प्रत कधी देणार, मानधन किती. सही झाल्यावरच ढोल काढा.

फोन आला की

उत्तर ठरलेलं हवं. किती माणसं, किती वेळ नाचणार, गाडीभाडं कुणाचं, जेवण आणि कपडे बदलायला आडोसा मिळेल का, पथकात बाया असतील तर रात्री परतीची सोय काय. बयाना पथकाच्या खात्यावर घ्या, कुणाच्या खासगी क्यूआर कोडवर नको. दर सगळ्यांना एकच सांगा. आमच्याकडे दोघांनी दोन दर सांगितले होते, रिसॉर्टवाल्याने अर्थातच स्वस्तातला धरला. आता फोन मामीच घेते, आणि भाव पाडून मागणाऱ्याला ती आधी गाडीभाड्याचा हिशेब ऐकवते.