मुलांसाठी शिवताना, विणताना या चुका टाळा

मुलांच्या वस्तू करताना आपलं बहुतेक लक्ष रंगसंगतीकडे आणि नक्षीकडे असतं. मूल मात्र ती वस्तू ओढतं, चघळतं, तिच्यावर दूध सांडतं, आणि मग ती सतत धुण्यात जाते. म्हणून वस्तू चांगली झाली की नाही, हे दोन-तीनदा धुऊन आणि जोर लावून ओढून पाहिल्यावरच ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

कापड न धुता कापणं

सर्वात जास्त वस्तू या घाईने बिघडतात. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, फ्लॅनेल त्याहून जास्त, पॉलिस्टर जवळजवळ नाहीच. गोधडीला वर सुती तुकडे, खाली फ्लॅनेलचं अस्तर आणि कडेला पॉलिस्टरची पट्टी लावली, की धुतल्यावर अस्तर आटून वरच्या तुकड्यांना चुण्या पडतात आणि कड मात्र सैल पडून तिला लाटा येतात. वस्तू पुढे जशी धुतली जाणार, तसंच कापड आधी धुवा. गरम पाण्यात जाणार असेल, तर गरम पाण्यातच. शंका असेल तर २० सेंमीचा चौकोन कापा, धुवा, वाळवून इस्त्री करा आणि मोजा. १९ भरला तर ५ टक्के गेले. अभ्रा आधीच आटला असेल तर टाकू नका. एक बाजू उसवून वेगळ्या रंगाची पट्टी घाला, मुद्दाम लावल्यासारखी शोभते.

गडद लाल किंवा निळं कापड पांढऱ्याला जोडण्याआधी त्यावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. मीठ किंवा व्हिनेगर घालून सुती कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही, सल्ला कितीही वेळा ऐकलेला असला तरी. रंग पसरलाच तर वस्तू वाळू देऊ नका, इस्त्रीही फिरवू नका. भरपूर गरम पाण्यात डिटर्जंट घालून भिजवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा.

फक्त सुलट बाजू बघणं

बाळाच्या अंगाला लागते ती उलट बाजू. हातमोजा किंवा पायमोजा उलटा करून आत बोट फिरवा. भरतकामाचा लोंबता धागा, न कापलेलं टोक, दोरंगी विणकामात मागून जाणारे लांब धागे तिथे सापडतील. असा धागा इवल्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि बाळ का रडतंय हे मोजा काढेपर्यंत कळत नाही. दोरंगी विणताना मागचा धागा दर ३-४ टाक्यांनी अडकवत जा. भरतकामाच्या मागे मऊ कापडाचा तुकडा लावून ते झाका, टोचणंही थांबतं.

बटणं, डोळे आणि गोंडे

क्रोशाच्या बाहुलीला लावायच्या प्लॅस्टिकच्या डोळ्यांच्या नावात ‘सेफ्टी’ असतं, पण विणीची भोकं ताणली की ते निसटतात. ३ वर्षांखालच्या मुलासाठी डोळे धाग्यानेच भरा. वीण घट्ट येण्यासाठी एक नंबर लहान सुई घ्या, म्हणजे भरणाचा कापूसही बाहेर डोकावणार नाही. युरोपच्या खेळण्यांच्या मानकात ६ मिमीपेक्षा मोठा सुटा होऊ शकणारा भाग ९० न्यूटन, म्हणजे साधारण ९ किलो ओढ सहन करतो का, हे तपासतात. घरी निदान दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढून बघा. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जाईल अशी कोणतीही सुटी वस्तू लहान बाळाजवळ नको.

पाळण्यात सजावट

इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. पहिल्या वर्षात बाळ झोपतं तिथे गोधडी, उशी, मऊ खेळणी किंवा कडेच्या गाद्या नकोत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा हाच सल्ला आहे, आणि २०२२ च्या कायद्याने तिथे पाळण्याच्या कडेला बांधायच्या मऊ गाद्यांच्या विक्रीवर बंदी आली. हौसेने केलेली गोधडी जमिनीवर पालथं खेळायला अंथरा. पताकांची दोरी भिंतीवर, बाळाचा हात पोचणार नाही अशी लावा. वर टांगलेलं झुंबर बाळ हातागुडघ्यांवर येऊ लागलं किंवा ५ महिन्यांचं झालं की उतरवा. टोपी आणि लाळेऱ्याला गळ्याशी बांधायची नाडी लावण्याऐवजी ओढल्यावर सुटणारं प्रेस बटण किंवा वेल्क्रो लावा.

होजिअरीवर साधी सुई

टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या या कापडावर टीप मध्येच सुटते, किंवा डोक्यातून घालताना गळा तटकन उसवतो. टोक गोल असलेली बॉलपॉइंट सुई लावा आणि सरळ टिपेऐवजी अरुंद झिगझॅग मारा: रुंदी अर्धा मिमी, लांबी अडीच. शिवण लाटांसारखी झाली तर कापड ओढू नका, मशीनच्या सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाचा दाब कमी करा आणि वाफेची इस्त्री टेकवून-उचलून फिरवा.

गोधडीतलं भरण धुतल्यावर गोळा होत असेल, तर टाके फार लांब पडलेत. भरणाच्या पाकिटावर टाक्यांमधलं जास्तीत जास्त अंतर लिहिलेलं असतं, तेवढंच ठेवा. गोळा झालेलं भरण ओलं असतानाच हातांनी पसरवा, सपाट वाळवा आणि मध्ये आणखी दोन-चार ओळी टाके घाला.