उलटी-जुलाब झाल्यावर कुत्र्या-मांजराला घरी कसं तपासायचं

एक उलटी करून कुत्रा शेपूट हलवत पुन्हा भांड्यापाशी आला, तर घाबरू नका. भराभर खाल्ल्याने किंवा खाणं अचानक बदलल्यानेही पोट बिघडतं. तरी पाच मिनिटं काढून त्याला नीट तपासा.

सुरुवात हिरड्यांपासून. वरचा ओठ उचला. निरोगी हिरडी गुलाबी, ओलसर असते; ती मुळातच काळी असेल तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका 2 सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. त्याला उशीर लागला किंवा हिरडी कोरडी, चिकट लागली, तर दवाखान्यात न्या. अंगातलं पाणी कमी झालंय का हे पाहायला खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडण्याची खूणही अनेकजण वापरतात, पण म्हाताऱ्या आणि रोडावलेल्या जनावरांत ती फसवते.

नाक गरम आहे की गार, यावरून ताप कळत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावा, शेपटी वर धरा आणि टोक गुदद्वारात साधारण 2 सेंटीमीटर हलक्या हाताने सरकवा. 38 ते 39.2 अंश सेल्सिअस हे त्यांचं नेहमीचं तापमान. आपल्याला ताप वाटावा असा आकडा त्यांच्यासाठी ठीक असतो, आणि इथेच माणसं चुकून तापाची गोळी देतात.

पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका, अर्धी गोळीही नाही. ती पचवून निरुपद्रवी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि मांजर दगावू शकतं. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. विषारी काही खाल्ल्याचा संशय असला तरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. त्या मिठाचीच विषबाधा होते.

तरतरीत असलेल्या मोठ्या कुत्र्याला काही तास खायला देऊ नका, पाणी मात्र घोट-घोट चालू ठेवा. मग एक भाग उकडलेलं, हाडांशिवायचं चिकन आणि दोन भाग मऊ भात. मीठ, तेल, कांदा, लसूण काहीही नको. नेहमीच्या जेवणाचा चौथा हिस्सा, दिवसातून चार वेळा. शी घट्ट झाल्यावर दोन-तीन दिवसांत हळूहळू जुन्या खाण्यावर आणा. लहान पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका, त्याची साखर झपाट्याने उतरते. मांजरालाही नाही: दोन दिवस काही न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते.

काही खुणा दिसल्या की घरी थांबूच नका. लस अपुरी असलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले, तर पार्व्हो या जीवघेण्या, संसर्गजन्य विषाणूची शक्यता धरून त्याच तासाला निघा. पोहोचण्याआधी फोन करा, म्हणजे त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवता येईल. खोल छातीचा मोठा कुत्रा नुसतेच उमाळे काढतोय, बाहेर काही पडत नाही आणि पोट फुगलंय, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. शस्त्रक्रियेशिवाय तो वाचत नाही. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं कापलं जातं.

बोका पुन्हा पुन्हा शीच्या ट्रेमध्ये बसून कुंथत असेल तर त्याला बद्धकोष्ठ समजण्याची चूक फार घडते. ट्रेमधली वाळू ओली आहे का बघा. कोरडी असेल तर लघवी अडली आहे. सोबत उलट्या होत असोत वा नसोत, सकाळची वाट पाहू नका. एक-दोन दिवसांत जीव जातो.

डॉक्टरांकडे जाताना उलटीचा व्हिडिओ, किती वेळा झाली त्याची नोंद आणि झाकणाच्या डबीत ताजी शी न्या. पोट आक्रसून उलटी होते की खाल्लेलं नुसतंच घरंगळत बाहेर येतं, हे व्हिडिओत दिसतं. दोन्हींची कारणं आणि उपचार वेगळे.