दिवा लागला म्हणून सेन्सर बदलू नका

मुंबईहून येताना कसारा घाटात गाडीने झटके दिले, आणि नाशिकला द्वारकेच्या सिग्नलला आयडल (उभ्या गाडीत रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) वरखाली. चेक इंजिनचा दिवा लागलेलाच होता. स्कॅनरवर कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलला. चार दिवसांत दिवा परत!

सेन्सर बिचारा चुगली करतो, चोरी नाही. एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून जास्त झाली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो, आणि ती वाढ स्कॅनरवर फ्युएल ट्रिममध्ये टक्क्यांत दिसते. हाच आकडा बघायचा, दोनदा.

इंजिन गरम झाल्यावर माझ्याकडे आयडलला लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने लक्षात ठेवलेली वाढ) अधिक १८ होता, २५०० आरपीएमला अधिक ४. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद, मॅनिफोल्डची (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाईपांची) ओढ जबरदस्त, एकूण हवा थोडी. त्यात फटीतून शिरलेली हवा लगेच जाणवते. रेस दिली की तीच हवा किरकोळ ठरते. म्हणजे इंजिन कुठूनतरी हवा खातंय. उलट जोर टाकल्यावर ट्रिम चढत असेल, तर फ्युएल पंप, फिल्टर नाहीतर आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवरची घाण बघा. त्या सेन्सरला त्याचाच क्लीनर मारायचा, बोट लावायचं नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरचा पाईप फुटला असेल, तरी खोटा लीन दिसतो.

(हे एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीचं झालं. मॅप सेन्सरवाल्यात (हा मॅनिफोल्डमधला दाब मोजतो) बऱ्याचदा ट्रिम फारसा हलत नाही, आयडलच चढतो.)

गळती शोधायला लोक कार्ब क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टवर पडला तर पेट घेतो, म्हणून मी टाळतो. आधी फुस्स आवाज ऐका. मग रबरी नळ्या एकेक करून, कापड गुंडाळलेल्या पक्कडीने हलकेच दाबा. जी दाबल्यावर आयडल सुधारतो, तिथेच गोम. ब्रेक बूस्टरची नळी, इनटेकचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, सगळं तपासा.

माझ्याकडे पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या) नळीचा कोपरा खालून चिरला होता. वरून अगदी धडधाकट, बोट फिरवल्यावर चीर लागली. नवी नळी आणि दोन क्लिपा लावल्या, कोड पुसला, त्र्यंबकला जाऊन आलो. आयडलला ट्रिम अधिक २.